एकाच मशीनवरच्या चार-पाच प्रोसेसनी एकमेकांशी बोलायला हलकी मेसेजिंग लायब्ररी कोणती घ्यावी?

एनएनजी (NNG, nanomsg-next-gen) घ्या, सी मधली छोटी लायब्ररी आहे, एमआयटी लायसन्स, आणि मुख्य म्हणजे रॅबिटएमक्यूसारखा वेगळा ब्रोकर (मेसेज पोचवणारा मधला सर्व्हर) चालवत बसावं लागत नाही. तिचा आयपीसी (एकाच मशीनवरच्या प्रोसेसमधला संवाद) ट्रान्सपोर्ट लिनक्सवर आतून युनिक्स डोमेन सॉकेटच (फाइलच्या पाथने ओळखला जाणारा लोकल सॉकेट) वापरतो, विंडोजवर नेम्ड पाइप, तुमचा कोड तोच. शिवाय मेसेज अख्खा हातात येतो, नाहीतर साध्या स्ट्रीम सॉकेटवर एक मेसेज कुठे संपला नि दुसरा कुठे सुरू झाला ते आपणच सांभाळायचं, नुसता वैताग. सॉकेट फाइलचा पाथ छोटा ठेवा, लिनक्सवर १०८ बाइटची मर्यादा आहे. फक्त पब-सबमध्ये (एक जण पाठवतो, सबस्क्राइब केलेले सगळे ऐकतात) सबस्क्रायबर मागे पडला की मेसेज गुपचूप गळतात, एकही हरवून चालणार नसेल तर रिक्वेस्ट-रिप्लाय (प्रत्येक मेसेजला उलट उत्तर येतं) बघा.