तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : नॅस पळतो, व्हीएम रांगते

प्रश्न : इचलकरंजीत आमचं सायझिंग आहे, तिथलं कॉम्प्युटरचं सगळं मीच बघतो. दोन ईएसएक्सआय होस्ट (ज्यांच्या आत व्हीएम, म्हणजे आभासी कॉम्प्युटर चालतात ते सर्व्हर) आणि एक नॅस (नेटवर्कवरचा डिस्कचा डबा) घेतलाय, नॅसमध्ये ४ टीबीच्या ६ डिस्क, झेडएफएस ही फाईलसिस्टीम, रेडझेड-२ (दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो अशी मांडणी), ३२ जीबी रॅम. व्हीएमच्या फाईल नॅसवरच असतात, एनएफएस या नेटवर्क शेअरिंगवरून चालतात, नेटवर्क १ गिगाबिट. लॅपटॉपवरून नॅसवर फाईल टाकली की ११० एमबी पर सेकंदनी जाते, पण तीच फाईल व्हीएमच्या आत कॉपी केली तर ५-६ च्या वर जात नाही. टॅलीत व्हाउचर सेव्हला टाकून अकाउंटवाले चहा पिऊन येतात. सप्लायर म्हणतो १० गिगचा स्विच घ्या, मालक म्हणतात आधी घातलेल्या पैशांचं काय झालं ते सांग. काय करू?

उत्तर : स्विच घेऊ नका, निदान आत्ता तरी नको. १ गिगाबिट म्हणजे १२५ एमबी, त्यातून पॅकेटचा खर्च वजा जाता ११०-११५ उरतात, आणि लॅपटॉपवरून तुम्हाला तेवढे मिळतायत, म्हणजे वायर, पोर्ट, स्विच सगळं ठणठणीत आहे. व्हीएममधून ५ एमबी जातात तेव्हा तीच वायर ९५ टक्के रिकामी पडलेली असते. रिकाम्या रस्त्याचं रुंदीकरण करून काय मिळणार?

तुमच्याच भागातलं बघा. सीझनमध्ये ऊसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर उभी राहते, वजन होतं, पावती हातात पडते, मगच पुढची गाडी हलते. आता रस्ता चौपदरी केला म्हणून काट्यावरची रांग कमी होते का? तुमचं अगदी तेच झालंय. लॅपटॉपवरून फाईल येते तेव्हा नॅस ती रॅममध्ये घेतो, 'आली' म्हणून सांगतो आणि मग साधारण दर ५ सेकंदांनी सगळा माल एकदम डिस्कवर उतरवतो. ईएसएक्सआय मात्र एनएफएसवर प्रत्येक राइटची पावती मागतं, डिस्कवर पक्कं लिहिलं ना, मगच पुढचं. यालाच सिंक राइट म्हणतात. यात ईएसएक्सआयचं काही चुकत नाही बरं का, व्हीएमच्या आत सिनेमा चाललाय की खतावणी हे त्याला कळत नाही, म्हणून ते सगळ्यालाच खतावणी समजतं.

आता काटा किती हळू आहे ते बघू. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात, हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२, त्यात हेड सरकायला आणखी ८-९. एका कामाला १२-१३ मिलिसेकंद म्हणजे सेकंदाला जेमतेम ८० कामं. सहा डिस्क आहेत म्हणून सहापट होतील असं वाटतं, पण रेडझेडचा अख्खा ग्रुप छोट्या छोट्या कामांना साधारण एकाच डिस्कइतका चालतो. ६४ केबीचा एकेक तुकडा धरा, ८० गुणिले ६४, झाले ५ एमबी. ढोबळ हिशोब आहे, पण तुमचा आकडा आला की नाही?

खात्री करायची असेल तर नॅसवर एक वेगळा डेटासेट (वेगळ्या सेटिंगचा कप्पा) बनवा, त्यावर एक टेस्टची व्हीएम ठेवा, त्या डेटासेटला सिंक डिसेबल्ड करा आणि परत कॉपी करून बघा. वेग एकदम शंभरीकडे गेला तर रोग सापडला. मग लगेच परत स्टँडर्ड करायचं! इथेच लोकं घसरतात, वेग बघून हात मागे येत नाही. माझ्याच हातून झालंय म्हणून सांगतो. एका ऑफिसात मी 'दोन दिवस राहू दे' म्हणून सिंक बंद ठेवलं, यूपीएस होताच, फक्त त्याची बॅटरी फुगलेली होती हे कोणाला माहीत नव्हतं. दुपारी लाईट गेली आणि नॅस धाडकन बंद. परत चालू केला तर झेडएफएस अगदी शहाण्यासारखा उभा राहिला, पूल (सगळ्या डिस्क मिळून झालेला साठा) ऑनलाईन, एक एरर नाही, विंडोज पण आलं, आणि एसक्यूएल सर्व्हरच्या डेटाबेसपुढे कंसात 'सस्पेक्ट' लिहिलेलं. शेवटच्या काही सेकंदांचं जे लिहिलं गेलंय असं व्हीएमला वाटत होतं ते रॅममध्येच होतं आणि रॅमबरोबर गेलं. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून वाचलो, पण सकाळपासूनच्या एंट्र्या मी तिथल्या क्लार्कशेजारी बसून वाचून दाखवल्या आणि त्यांनी परत मारल्या. तेव्हापासून ते सेटिंग बघितलं तरी पोटात गोळा येतो.

मग उपाय काय, तर स्लॉग. एक वेगळी फास्ट एसएसडी लॉग म्हणून पुलाला जोडायची. येणारी प्रत्येक सिंक राइट तिच्यावर लगेच टिपली जाते, पावती मिळते, आणि डिस्कवर माल सावकाश उतरतो. मोठी घ्यायची गरज नाही, १ गिगाबिटवरून ५ सेकंदात ६२५ एमबीच येऊ शकतात, त्यामुळे १६ जीबी पण डोक्यावरून पाणी. मात्र बाजारातली साधी एसएसडी लावू नका. डब्यावर ३००० एमबी लिहिलेलं असतं, पण प्रत्येक राइटनंतर 'पक्कं लिही' म्हटलं की तिचीही दमछाक होते. पॉवर लॉस प्रोटेक्शनवाली, म्हणजे आत कपॅसिटर असलेली डेटासेंटरची एसएसडी बघा, जुनी चालेल पण हेल्थ तपासून. आणि स्लॉग म्हणजे कॅशे नव्हे, त्याने वाचन फास्ट होणार नाही, लाईट गेल्यावर पूल परत उभा राहताना सोडून ती कधी वाचलीही जात नाही.

दुसरं काम जरा कष्टाचं आहे. रेडझेड-२ मोडून तीन मिरर करा, म्हणजे दोन-दोन डिस्कच्या तीन जोड्या, जोडीतल्या दोन्हींवर तोच डेटा. जागा १६ टीबीची १२ टीबी होईल, आणि एका जोडीतल्या दोन्ही डिस्क गेल्या तर पूल गेला हेही खरं, पण राइटला तीन डिस्कचं बळ मिळेल आणि वाचायला सहाही. व्हीएमसाठी मी डोळे झाकून मिरर घेतो, रेडझेड बॅकअपच्या नॅसला ठेवावं. डेटा आधी बाहेर काढावा लागेल, तेवढा एक रविवार जाईल. या दोन्हीनंतर कधी वायर भरलेली दिसली तर स्विचचं बोलू.

प्रश्न : पुण्यात घरीच लॅब केलीय. नॅसला आणि होस्टला दोन-दोन केबल लावून एलएसीपी (केबल एकत्र बांधायची सोय) केलं, तरी वेग ११२ एमबीच्या वर जात नाही. दुसरी केबल फुकट गेली का?

उत्तर : एका व्हीएमपुरती गेलीच म्हणायची. एलएसीपी एक कनेक्शन एकाच केबलवर बसवतं, दोन केबल मिळून एक जाडी केबल होत नाही. दहा लोक आले तर विभागले जातील, एकटा माणूस एकाच दारातून आत जाणार. आयस्कझी (नॅसची जागा नेटवर्कवरून डिस्कसारखी जोडायची पद्धत) असेल तर एलएसीपी काढून टाका, दोन्ही केबलला वेगळे सबनेट (आयपी पत्त्यांचे गट) द्या आणि एमपीआयओ राउंड रॉबिन लावा, म्हणजे दोन्ही रस्ते आलटून पालटून वापरले जातील. त्यातही ईएसएक्सआय डीफॉल्टला १००० कामं झाल्यावर रस्ता बदलतं, ते १ वर आणलं की बहुतेक ठिकाणी फरक दिसतो, पण आधी तुमच्या नॅसवाल्याचा सल्ला वाचा. जंबो फ्रेम (नेहमीच्या १५०० ऐवजी ९००० बाइटची मोठी पॅकेट) लावणार असाल तर होस्ट, स्विच, नॅस तिन्हीकडे ९००० हवं. एक जरी १५०० वर राहिलं तर लॉगिन होतं, लिस्ट दिसते आणि मोठी फाईल लटकते, मग अख्खी रात्र जाते. फ्रॅगमेंट करू नको, म्हणजे पॅकेट तोडू नको, असं सांगून ८९७२ साईझचा पिंग मारा, ९००० मधून हेडरचे २८ गेले की तेवढेच उरतात. पिंग आला तर लागलं, नाही आला तर कुठेतरी एक पोर्ट राहिलाय.

प्रश्न : मित्र म्हणतो त्याचा नॅस २ जीबी पर सेकंदनी लिहितो. साध्या चार डिस्कच आहेत. शक्य आहे का?

उत्तर : डीडी या कमांडने नुसती शून्य लिहून बघितली असतील. झेडएफएसचं कॉम्प्रेशन चालू असेल तर नुसत्या शून्यांचं डिस्कवर जवळजवळ काहीच जात नाही, तो आकडा प्रोसेसरचा आहे. त्याला एफआयओ हे वेग मोजायचं टूल चालवायला सांगा, व्हीएमच्या आतून, ४ के रँडम (४ केबीचे विखुरलेले तुकडे), सिंक, क्यू डेप्थ १ (एका वेळी एकच काम), आणि वाचनाची टेस्ट असेल तर फाईल नॅसच्या रॅमच्या दुप्पट. मग स्क्रीनशॉट मागा, बहुतेक पाठवणार नाही.

प्रश्न : नगरला आमच्या क्लासच्या लॅबमध्ये २५ व्हीएम आहेत. रोज सकाळी साडेनऊला पंधरा मिनिटं सगळं गोठतं, नंतर दिवसभर छान. डिस्क खराब होतायत का?

उत्तर : डिस्क बिचाऱ्या बऱ्या असाव्यात, तुम्ही पंचवीस विंडोज एकदम उठवताय आणि उठल्या उठल्या प्रत्येकीचा अँटीव्हायरस स्कॅनला बसतोय. व्हीएम दोन-दोन मिनिटांच्या अंतराने चालू होतील असं लावा, पहिली साडेआठला, म्हणजे पोरं यायच्या आत सगळ्या जाग्या असतील. स्कॅन दुपारच्या सुट्टीत टाका, तेही एकाच वेळी नको. तरी गोठलं तर मॉडेल नंबर बघून डिस्क एसएमआर (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या) आहेत का ते तपासा. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं मान्य केलं होतं, आणि तसल्या डिस्कवर एकदा राइटचा ढीग साठला की ती बराच वेळ आपल्याच नादात असते, तुम्ही कितीही हाका मारा.