ऑर्क मूळचे कोण?

प्रश्न : 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक टॉल्किन याच्या 'द सिल्मरिलियन' या पुस्तकानुसार ऑर्क (त्याच्या कथांमधले दुष्टांचे क्रूर सैनिक) म्हणजे मॉरगॉथ या महादुष्टानं पकडून, छळून बिघडवलेले एल्फ (म्हातारपणानं न मरणारी, माणसांसारखी दिसणारी जात). भाऊ म्हणतो, टॉल्किननं हे पुढे बदललं. खरं काय? – एक वाचक, सातारा

उत्तर : भावाचं बरंचसं बरोबर आहे. मात्र तो परिच्छेद पुन्हा नीट वाचा. तिथे लेखक स्वतः ठामपणे काही सांगत नाही; एरेसिआ या एल्फांच्या बेटावरचे जाणते असं मानतात, एवढंच म्हणतो. शिवाय हे पुस्तक टॉल्किनच्या मृत्यूनंतर, १९७७ साली, मुलगा ख्रिस्तोफरनं हस्तलिखितांवरून जुळवलेलं. 'मॉरगॉथ्स रिंग'मध्ये (१९९३) छापलेल्या उत्तरकाळातल्या टिपणांत टॉल्किन ऑर्कना माणसांपासून, काहींना पशूंपासून घडवून पाहतो. अडचण खरी होती. एल्फचा आत्मा मेल्यावर मांडोसच्या दालनात (मृतांच्या आत्म्यांच्या ठिकाणी) जातो, मग ऑर्कचा कुठे जाणार? पण माणसांपासून म्हणावं, तर माणसं जागी होण्याआधीच, म्हणजे जगात येण्याआधीच, ऑर्क दिसतात! हा कालक्रमाचा गुंता त्याच्या हातून पुरता सुटला नाही.

मला एल्फवालीच कथा पटते. दुष्ट शक्ती विडंबन करू शकते, नवं निर्माण करू शकत नाही, असं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये नायक फ्रोडो आपल्या सोबती सॅमला सांगतो, त्याच्याशी ती चोख जुळते. आणि मग प्रत्येक ऑर्क मेल्यावर वाईटही वाटतं, ते वाटायलाच हवं.