रोजची ॲसिडिटीची गोळी, अजून किती दिवस?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझं वय ४६. तीन वर्षं झाली, मला ॲसिडिटीचा त्रास आहे, रोज नाश्ता झाला की एक गोळी घेते आणि दिवस बरा जातो. एक दिवस जरी चुकली तरी छातीत जळजळ, आंबट पाणी घशाशी येतं, रात्री झोपल्यावर तर जास्तच. बाकी तसं काही नाही, डोकं दुखतं म्हणून आठवड्यातून तीन-चारदा पेनकिलर घ्यावी लागते. घरचे म्हणतात एंडोस्कोपी कर, पण मला त्या नळीची फार भीती वाटते. ही गोळी अशीच चालू ठेवली तर चालेल का?

उत्तर : ताई, 'बाकी तसं काही नाही' म्हणून तुम्ही जी पेनकिलर सांगितलीत ना, मी तिथेच थांबलो. आधी त्या पाकिटावरचं नाव बघा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यातलं काही असेल तर ही औषधं जठराच्या आतलं संरक्षक अस्तर कमकुवत करतात आणि त्यातून अल्सर होऊ शकतो, कधीकधी काहीच न दुखता. पॅरासिटामॉल या गटात येत नाही. (हृदयासाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिली असेल तर मात्र ती आपल्या मनाने बंद करू नका.) आणि महिन्यात १५ दिवस किंवा जास्त पेनकिलर पोटात जात असेल तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं, म्हणजे डोक्यासाठी गोळी, मग पोटासाठी गोळी, असं चक्र सुरू होतं. तुम्ही त्या आकड्याच्या अगदी जवळ आहात म्हणून मला काळजी वाटते.

अल्सरचं दुसरं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. पूर्वी अल्सर म्हटलं की टेन्शन आणि तिखट असंच समजायचे. बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९८४ मध्ये हा जंतू स्वतः पिऊन दाखवला, त्याच्या जठराला सूज आली, आणि २००५ मध्ये त्याला आणि रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत हा जंतू कळतो आणि साधारण दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिक्सच्या कोर्सने बहुतेकांचा जातोसुद्धा. फक्त तपासणीआधी दोन आठवडे ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांना विचारून बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, हे कितीजणांना माहीतच नसतं.

रात्री घशाशी येतं त्याचं कारण अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडणं. गोळीने ॲसिड कमी होतं, झडप घट्ट होत नाही. म्हणून जेवण आणि झोप यात तीन तास ठेवा, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करा (नुसत्या उशा रचून मान वाकते, उपयोग होत नाही), डाव्या कुशीवर झोपा, पोटाचा घेर वाढला असेल तर तो कमी करा. गोळी नाश्त्यानंतर नाही, अर्धा तास आधी घ्यायची असते, बहुतेक गोळ्यांचं असंच आहे पण तुमची कोणती ते विचारून घ्या. आपल्या मनाने एकदम बंद करू नका, ॲसिड उसळून जास्त त्रास होतो आणि मग वाटतं गोळीशिवाय आपलं चालणारच नाही. डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.

आता एंडोस्कोपी. वजन आपोआप कमी होणं, घास अडकणं, सारखी उलटी, रक्त कमी होणं, यातलं काही असेल तर नळीला घाबरून थांबू नका. शौचाला काळं डांबरासारखं होत असेल किंवा उलटीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण ते घरी बसून ठरवू नका. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, हात किंवा जबडा दुखला तर ती ॲसिडिटी समजून गोळी घेत बसू नका, तो हार्ट ॲटॅक असू शकतो.

नळीबद्दल सांगायचं तर घशात बधिर करणारा स्प्रे मारतात, हवं तर गुंगीचं इंजेक्शन देतात, काही मिनिटांत आटपतं. भीती वाटते हे तिथल्या डॉक्टरांना आधीच सांगा. जाताना दोन्ही गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.