कुलगुरूंची परवानगी नसताना पोलीस विद्यापीठात शिरून विद्यार्थ्यांवर लाठी चालवू शकतात का?

शिरू शकतात. परवानगी घ्यायची ती रीत म्हणून. जमाव पांगवण्याचे कलम (नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 148, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 129) वाचून बघा. दंडाधिकारी, ठाण्याचा प्रमुख, तो नसेल तर निदान उपनिरीक्षक, एवढ्यांनाच हुकूम देता येतो. कुलगुरू त्यात कुठेच नाहीत. मात्र आधी 'पांगा' असे सांगावे लागते किंवा जमाव हटणार नाही हे दिसावे लागते. लाठी त्यानंतर.

ही रीत सोयीप्रमाणे पाळली जाते. 15 डिसेंबर 2019 ला दिल्लीच्या जामिया विद्यापीठात पोलीस विनापरवानगी ग्रंथालयापर्यंत घुसले; दगडफेक्यांच्या मागे गेलो, असे त्यांचे म्हणणे. तीन आठवड्यांनी जेएनयूत तोंडे बांधलेली टोळी वसतिगृहात मुलांना बडवत होती, तेव्हा तेच दिल्ली पोलीस फाटकाबाहेर विद्यापीठाच्या विनंतीसाठी थांबले होते.

मी लाठी खाल्ली ती पणजीत, रस्त्यावर. गोवा विद्यापीठ 1985 चे. त्याआधी आमची कॉलेजे मुंबईला जोडलेली. 1978-79 चे अर्ध्या तिकिटाचे आंदोलन. बसगाड्या खासगी, कदंबा ही सरकारी बससेवा 1980 मध्ये आली. विद्यार्थ्यांना निम्मे भाडे, एवढीच मागणी. त्या दिवशी पहिला दगड आमच्यातूनच गेला, हे कबूल करतो. पण ज्याने मारला तो पळण्यात तरबेज होता. पळता न येणारे आम्ही चारपाच जण सापडलो, आणि माझ्या मनगटावर बसली. मग पूर्ण तिकीट काढून घरी गेलो!

बाबांना सांगितले, फुटबॉल खेळताना पडलो. आईने आंबेहळद लावली. पुढे मित्राची केस उभी राहिली तेव्हा वकिलांनी मला विचारले, तुझा इस्पितळाचा कागद कुठे? कागद नव्हताच.

म्हणून तुमच्यावर वेळ आली तर लाज न बाळगता आधी इस्पितळात जा, विद्यापीठाच्या ताळगाव पठारावरून गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) काही लांब नाही. मार कोणी दिला ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि पोलीस-केस म्हणून नोंद करायला लावा. सूज दोन दिवसांत उतरते, तेव्हा फोटो त्याच रात्री काढा. कोणाला पकडून नेले असेल तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत न्यायालयापुढे उभे करावे लागते. किती वाजता नेले ते बाहेर राहिलेल्यांनी लिहून ठेवा. आणि हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचा. आम्ही सगळे लाठीकडेच बघत राहिलो होतो.