गुन्हेगारी वृत्ती जन्मतःच रक्तात असते का?

‘गुन्ह्याचं जनुक’ असं काही सापडलेलं नाही. 1876 मध्ये लोंब्रोसो या इटालियन डॉक्टरने कवटी-जबड्यावरून गुन्हेगार ओळखता येतो म्हटलं होतं. ते कधीच मोडीत निघालं.

जनुक आणि परिस्थिती मिळून कसं काम करतात, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण एमएओए जनुकाचं. ते मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं मोडणारं एन्झाइम बनवतं. न्यूझीलंडच्या डनेडिनमधल्या मुलग्यांवरच्या 2002 च्या अभ्यासात दिसलं, की हे एन्झाइम कमी आणि वर लहानपणी छळ झालेला, अशांमध्ये पुढे समाजविघातक वागणं बरंच जास्त होतं. छळ नसेल तर त्याच जनुकाने फारसं काही बिघडलं नाही. (नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत हा परिणाम इतका ठळक आला नाही, हेही खरं.)

मानसशास्त्रज्ञ एड्रियन रेन यांनी 1997 मध्ये 41 खुन्यांचे मेंदू स्कॅन केले, तेव्हा आवेगाला लगाम घालणारा पुढचा भाग मंद दिसला. पण हे मानसिक स्थितीचं कारण पुढे करून बचाव मांडणारे आरोपी होते, त्यामुळे तो निष्कर्ष सरसकट सगळ्या गुन्हेगारांना लावू नका.