१८९६ च्या प्लेगमध्ये मुंबईतल्या कामगारांची मजुरी वाढली होती का?

प्लेगमध्ये मुंबईत एवढी माणसं दगावली, तर मागे उरलेल्या कामगारांना जास्त मजुरी मिळाली असेल ना, असं तुम्ही विचारलंय. मिळाली, पण थोडे दिवस आणि तीही सगळ्यांना नाही. माझ्या मते ती मेलेल्यांपेक्षा पळून गेलेल्यांमुळे मिळाली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो विएगस यांनी प्लेग ओळखला. तेव्हा शहराची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी माणसं गावाकडे निघून गेली होती. म्हणजे मृत्यू हजारांत मोजले जात होते आणि गेलेली माणसं लाखांत. गिरण्यांना हात कमी पडले ते या दुसऱ्या आकड्यामुळे.

गिरणीतला रिवाज असा होता की महिनाभराचा पगार पुढच्या महिन्यात, बरेच दिवस उलटल्यावर हातात यायचा. कामगाराचे काही आठवड्यांचे पैसे कायम मालकाकडे अडकलेले असायचे. मधेच काम सोडलं तर त्यावर पाणी सोडायची तयारी ठेवावी लागे. मला वाटतं, मजुरीच्या दरापेक्षाही या अडकलेल्या पगाराने माणूस जास्त बांधला जायचा. प्लेगमध्ये ही गाठ सुटली. उद्या जगू की नाही याचा भरवसा नसलेला माणूस महिनाभर कशाला थांबेल? आजचं काम, आजचे पैसे, असं कामगार म्हणू लागले आणि मालकांना रोजच्या रोज रोख मोजावी लागली. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून गिरण्यांची माणसं एकमेकांवर चढी बोली लावत कामगार ओढत होती. १८९७ मध्ये जमशेटजी टाटांनी तर उत्तर हिंदुस्थानातून कामगार आणावेत असं सुचवलं होतं.

आता सफाई कामगारांकडे बघा. हलालखोर, म्हणजे शहराचा मैला उचलणारे हे कामगार, निघून गेले तर शहर राहण्याजोगं उरणार नाही, ही म्युनिसिपल कमिशनर स्नो यांची मोठी धास्ती होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये रुग्णांना सक्तीने इस्पितळात नेण्याचा हुकूम सैल करण्यामागे हेही एक कारण होतं. ज्यांच्यावाचून शहराचं एक दिवसही चालत नव्हतं, त्यांच्याकडे सौदा करायची ताकद सगळ्यांत जास्त असायला हवी होती. पण पूर्वसूचना न देता म्युनिसिपालिटीचं काम सोडणं त्यांच्यासाठी कायद्याने गुन्हा होता. साथ एकच, शहर एकच, पण एकाला काम सोडून जाता येत होतं आणि दुसऱ्याला नाही. मजुरीचा प्रश्न मला नेहमी इथेच येऊन थांबलेला दिसतो.

मोठ्या मृत्युसंख्येने मजुरी खरोखर कायमची वाढली, याचं ठळक उदाहरण इंग्लंडचं आहे. १३४८-४९ च्या प्लेगआधी दक्षिण इंग्लंडात सुताराला दिवसाला ३ पेनी मिळत आणि त्याच्या हाताखालच्या बिगाऱ्याला दीड. १४१२ च्या सुमारास हेच दर ६ आणि ४ पेनी झाले. म्हणजे कारागिराची मजुरी दुप्पट झाली, पण बिगाऱ्याची अडीच पटीहून जास्त. अंगमेहनत करणारा कारागिराच्या जवळ सरकला. तेही सहजासहजी झालं नाही. मजुरी जुन्या दरालाच बांधून ठेवायला १३४९ मध्ये राजाचा हुकूम निघाला, १३५१ मध्ये कायदा झाला, तरी दर चढतच गेले. त्याच साथीने इजिप्तही उजाड केला, पण तिथे जमिनीच्या मालकांनी एकजुटीने वसुली चालूच ठेवली आणि शेतकऱ्यांच्या पदरात फारसं काही पडलं नाही.

मुंबईत १८९७ नंतरही प्लेग वर्षानुवर्षं येत राहिला, पण माणसं परतत राहिली आणि मागून नवी येत राहिली. कोकणात पोट भरणार नव्हतं, हे मालकांना पक्कं ठाऊक होतं. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त बळी घेतले. तरी वाढ आपणहून चालत आली नाही. महागाईने कंबरडं मोडलं होतं, आणि जानेवारी १९१९ मध्ये लाखाहून जास्त गिरणी कामगार संपावर गेले तेव्हा कुठे ती मिळाली.

आणि रोजचा रोख पगार? साथीची धास्ती ओसरली तसा तो बंद झाला. त्यानंतर कित्येक वर्षं गिरणी कामगार मागच्या महिन्याच्या पगाराची पुढच्या महिन्यात वाट बघत होता.