पश्चिम ऑस्ट्रेलियात ब्रूम ते कनानरा हा आठ जणांचा पक्षी-निरीक्षण दौरा घ्यावा, की गाडी भाड्याने घेऊन आपणच फिरावं?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरमध्ये मुलीकडे पर्थला येताय, पक्षी बघायला नांदूरमध्यमेश्वरला दरवर्षी जाता आणि दौऱ्याची किंमत ऐकून जरा दचकलात. दचकण्यासारखीच असते. मी पर्थला राहतो, किम्बर्लीत, म्हणजे ब्रूम-कनानऱ्याच्या या भागात, दोन्ही प्रकारांनी फिरलोय. माझं मत असं: पक्ष्यांसाठीच जायचं असेल तर दौरा घ्या. दऱ्या, डोंगर, धबधबे बघायचे असतील तर गाडी घ्या आणि पैसे वाचवा.

रस्त्याची अडचण फारशी नाही. ब्रूमहून फिट्झरॉय क्रॉसिंग आणि हॉल्स क्रीकवरून कनानऱ्याला जाणारा हजारेक किलोमीटरचा महामार्ग पूर्ण डांबरी आहे. (गिब रिव्हर रोड वेगळा. तो 660 किलोमीटरचा, बहुतांशी कच्चा. भाड्याच्या साध्या गाडीने तिकडे वळूच नका.) अडचण आहे ती पाण्याची. सप्टेंबर म्हणजे कोरड्या ऋतूची अखेर. महिनोन् महिने पाऊस नाही, ओढे आटलेले, आणि उरल्यासुरल्या डबक्यांवर आसपासचे सगळे दाणे खाणारे पक्षी येतात. यंदा कुठलं डबकं टिकलंय हे नकाशा सांगत नाही. आठवड्यापूर्वी तिथून गेलेला वाटाड्या सांगतो. दौऱ्याचे पैसे खरं तर या एका माहितीचे असतात.

उदाहरण गोल्डियन फिंच या दाणे खाणाऱ्या छोट्या रंगीत पक्ष्याचं. विंडहॅम आणि कनानऱ्याच्या भागात तो दिसायची चांगली शक्यता असते. हिरवी पाठ, जांभळी छाती, पिवळं पोट. तोंड बहुतेकांचं काळं, काहींचं लाल, एखाद्याचंच पिवळट नारिंगी. पहाटे डबक्यापासून अंतर ठेवून बसायचं. आधी लाँग-टेल्ड फिंच येतात, मग मास्क्ड, मग डबल-बार्ड. गोल्डियन वरच्या फांद्यांवर बराच वेळ नुसते बसून राहतात. तेवढ्यात एखादा ससाणा डोक्यावरून गेला की सगळे गायब, आणि तुमचं बसणं पुन्हा पहिल्यापासून. वीस जणांच्या बसला हे कधीच जमत नाही. कोणाला तरी खोकला येतो, कोणाला नाश्ता हवा असतो. सहा-आठ जणांना जमतं. दोघांनाही जमेल, पण कुठल्या डबक्यावर बसायचं हा प्रश्न उरतोच.

हे पक्षी आपल्याकडे पिंजऱ्यांमुळे ठाऊक आहेत. क्रॉफर्ड मार्केटात ‘लव्हबर्ड’ म्हणून विकले जाणारे हिरवे-पिवळे पोपट म्हणजे इथले बजरीगर. ऑस्ट्रेलियाने 1960 मध्ये देशी पक्ष्यांची निर्यात बंद केली, तेव्हा बाजारात दिसतात ते पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले. मोकळ्या माळावर त्यांचा थवा एकाच वेळी वळताना पाहिल्यावर मला तरी तो बाजार बघवत नाही.

आता किनारा. ब्रूमचा रोबक बे हा स्थलांतरित वेडर (चिखलात, उथळ पाण्यात चरणाऱ्या) पक्ष्यांसाठी जगातल्या उत्तम जागांपैकी एक आहे, आणि इथे सगळं भरतीवर चालतं. मुंबईची मोठी भरती पाचेक मीटरची. ब्रूमला उधाणात पाण्याची चढ-उतार दहा मीटरच्या जवळ जाते. ओहोटीला चिखल इतका लांबवर उघडा पडतो की पक्षी ठिपक्यासारखेही दिसत नाहीत. भरती चढू लागली की तेच पक्षी लाल मातीच्या कड्याखालच्या वाळूवर दाटीने येऊन बसतात. अगदी मोठ्या उधाणाला मात्र वाळूच बुडते आणि ते दुसरीकडे उठून जातात, भांगाला, म्हणजे लहान भरतीला, पाणी अर्ध्यावरच थांबतं. मधल्या तारखा बऱ्या. म्हणून दौरा ठरवायच्या आधी ब्रूमचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडा आणि ब्रूमचे दिवस कुठे पडतात ते पाहा. कंपनीला थेट विचारा, भरतीच्या वेळी गट किनाऱ्यावर असणार की जेवायला? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी कंपनी बघा.

सप्टेंबरमध्ये सायबेरियाहून परतलेले ग्रेट नॉट आणि बार-टेल्ड गॉडविट भेटतात, काहींच्या अंगावर विणीच्या हंगामातला तांबूस रंग अजून उरलेला असतो. मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडे जाताना ग्रेट नॉट इथून चीन-कोरियामधल्या पीत समुद्रापर्यंत साधारण साडेपाच हजार किलोमीटर न थांबता उडतो. तिथे दक्षिण कोरियाने सेमांगुमची 33 किलोमीटरची समुद्रभिंत 2006 मध्ये पूर्ण केली, पक्षी चरायचे तो भिंतीमागचा चिखल गेला आणि या पक्ष्याची संख्या कोसळली. त्यामुळे फोटोसाठी थव्याकडे चालत जाणारा वाटाड्या मला अजिबात चालत नाही. थवा उगाच उठवला की लांबच्या उड्डाणासाठी साठवलेली चरबी फुकट जळते. टेलिस्कोप लावून लांबूनच बघायचं.

घार मात्र शोधावी लागत नाही. आपल्या गावावर घिरट्या घालते तीच जात, इथे वणव्याच्या धुराभोवती शेकड्यांनी जमते. उत्तर ऑस्ट्रेलियातले आदिवासी पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत की घारी जळत्या काटक्या उचलून पुढच्या गवतात टाकतात आणि पळणारे किडे-सरडे पकडतात. 2017 मध्ये अशा प्रत्यक्षदर्शी नोंदी एकत्र करून शोधनिबंधही निघाला. पाहुण्याने विंडहॅमजवळच्या मार्लगू बिलाबाँगवर (बिलाबाँग म्हणजे तळं) ब्रोल्गा क्रौंच आणि कमळाच्या पानांवर चालणारा जकाना बघावा हे ठीकच, पण एक सकाळ घारीलाही द्यावी. मार्लगूला फळ्यांच्या वाटेवरूनच चाला, पाण्यात खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात.

थोडं कामाचं. तापमान चाळिशीकडे जाऊ शकतं, तेव्हा दुपारी विश्रांती असलेलाच कार्यक्रम घ्या. तोंडावर घ्यायची माशांची जाळी पर्थलाच विकत घ्या. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लिहून द्या, कारण वाटेवरच्या रोडहाऊसात बटाट्याचे चिप्स सोडले तर फारसं काही मिळत नाही. गाडीच घ्यायची ठरवलीत तर अंधार पडल्यावर चालवू नका. गुरं आणि कांगारू रस्त्यावर येतात. बऱ्याच भाडेकरारांत रात्रीच्या अपघाताचा विमाही नसतो.

शेवटी तुम्ही ओझरतं विचारलंय ते, पत्नीनेही दौऱ्यावर यावं का. पत्नीला पक्ष्यांत रस नसेल तर चौदा दिवस पहाटे चारला उठून त्यांनी डबक्याकाठी का बसावं? त्यांना ब्रूमचे दोन-तीन दिवस आवडतील, समुद्र सुंदर आहे. तिथून पर्थला थेट विमान आहे. त्यांनी मुलीकडे परत जावं, तुम्ही पुढे कनानऱ्याला जा, तिथूनही पर्थचं विमान मिळतं. दौऱ्याचं एकच तिकीट लागेल, म्हणजे किमतीचा प्रश्नही निम्मा झाला.